वळ्यांचा हिशेब : मेंदू मोजताना कळलेल्या दहा गोष्टी

डिमेन्शिया झालेल्या माणसाचा एमआरआय घ्यायचा, त्यावरून मेंदूच्या पृष्ठभागाला किती घड्या आहेत ते मोजायचं आणि त्याच वयाच्या धडधाकट माणसांशी ताडून पाहायचं, हे गेली काही वर्षं माझं पुण्यातलं काम आहे. मी डॉक्टर नाही. चित्रांमधून आकडे काढणारी बाई आहे. काम काय ते सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. तरुण विचारतात, "वळ्या जास्त म्हणजे डोकं जास्त चालतं ना?" साठीपुढचे जरा बाजूला घेऊन विचारतात, "माझं मोजून सांगता येईल का, मला हे होणार आहे का?" दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. ते तसं का, हे मात्र कामातूनच उमगत गेलं.

१. आपण काय मोजतोय, ते आधी पक्कं करावं

मेंदूची वरची साल, म्हणजे कॉर्टेक्स, सरासरी अडीच मिलिमीटर जाडीची. सगळी उलगडून पसरली तर दोन हजार चौरस सेंटिमीटरच्या वर भरते, आणि तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग खाचांत दडलेला असतो. नऊवारी नेसताना बरंचसं कापड निऱ्यांत जातं, तसंच हे. निऱ्यांसकट कापड किती आणि वरून दिसणारा घेर किती, यांचं गुणोत्तर म्हणजे घडी-निर्देशांक. जर्मनीतल्या कार्ल झिलेस यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये ही रीत मांडली. तेव्हा मृत माणसाच्या मेंदूचे काप घेऊन त्यांच्या कडेने रेघ ओढत आणि तिची लांबी मोजत. प्रौढ माणसात उत्तर अडीचच्या आसपास येतं. उंदराचा मेंदू जवळपास गुळगुळीत. त्याचं उत्तर एकाच्या जवळ राहतं.

पुढे २००८ मध्ये मारी शेर आणि सहकाऱ्यांनी पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूभोवती साधारण २५ मिलिमीटर त्रिज्येचा गोल कल्पून तेवढ्यापुरतं गुणोत्तर काढायची पद्धत आणली. त्यामुळे कपाळामागे किती, कानशिलाजवळ किती, असं जागोजागचं सांगता येऊ लागलं. आम्ही वापरतो ती फ्रीसर्फर ही प्रणाली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये घडली आणि ती फुकट मिळते, हे पुणेकराला सांगायलाच हवं. मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागावर ती दीडेक लाख बिंदूंची जाळी विणते. संध्याकाळी एका माणसाचं स्कॅन लावून घरी जायचं, सकाळी उत्तर तयार असतं.

२. घडी जन्माआधीची, झीज उतारवयातली

पाचव्या महिन्यापर्यंत गर्भाचा मेंदू बराचसा सपाट असतो. नंतर बाहेरचा थर आतल्या भागापेक्षा झपाट्याने वाढतो, त्याला जागा पुरेना होते आणि तो आत मुडपत जातो. मूल जन्माला येतं तेव्हा मुख्य वळ्या जागच्या जागी असतात. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या निर्देशांकात दोन काळ एकत्र मिसळलेले असतात: आईच्या पोटातला आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतला.

पुण्यात बसून हे विसरता येत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या मुलांची सरासरी जन्मवजनं पावणेतीन किलोच्याही खाली होती, आणि बहुतेक आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. गर्भारपणात बी-१२ फार कमी असलेल्या आयांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर काही बौद्धिक चाचण्यांत मागे पडलेली दिसली. आज आपल्याकडे मोजायला येणारी पिढी १९४०-५० च्या सुमाराला जन्मलेली. दुष्काळ, रेशन, पाठोपाठची बाळंतपणं यांतून तिच्या आया गेल्या. त्यामुळे कमी आकडा दिसला की 'झिजलं' असं एकदम म्हणायचं नाही. मुळात किती होतं, हा प्रश्न आधी.

३. वळ्या मोडत नाहीत, खाचा रुंदावतात

लोकांना वाटतं डिमेन्शियात मेंदू इस्त्री केल्यासारखा सपाट होतो. तसं होत नाही. साल पातळ होते, वळी बारीक होते आणि दोन वळ्यांमधली फट रुंदावते. स्कॅनवर त्या फटीतलं पाणी काळं दिसतं, म्हणून चित्रात काळ्या रेघा जाड झालेल्या दिसतात. गंमत अशी की झीज झाली की आतली साल आक्रसते आणि बाहेरचा घेरही आक्रसतो. गुणोत्तराचे अंश आणि छेद दोन्ही घटले तर उत्तर फारसं हलत नाही. अल्झायमरच्या रुग्णांवर जगभर झालेल्या घडी-अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, त्याचं एक कारण हे. फटींचं रुंदावणं आणि सालीचं पातळ होणं मात्र बहुतेक अभ्यासांत ठळक दिसतं.

म्हणून घड्यांचा आकडा मी एकटा कधीच पुढे पाठवत नाही. त्याच्याबरोबर सालीची जाडी, खाचांची रुंदी आणि हिप्पोकॅम्पसचं आकारमान जातं. कानाच्या आतल्या बाजूला असलेला हा हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी रुजवतो. साध्या म्हातारपणात तो वर्षाला एक-दीड टक्क्याने घटतो, अल्झायमरमध्ये चार-पाच टक्क्यांनी. झीज कुठे आहे, त्यावरून आजाराची जातही कळते. कपाळाकडच्या आणि कानशिलाच्या पुढच्या वळ्या सुरीच्या पात्यासारख्या पातळ झाल्या असतील आणि घरचे सांगत असतील की बाबा अलीकडे कुणालाही काहीही बोलतात, तर डॉक्टर अल्झायमरच्या आधी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा विचार करतात.

४. जास्त वळ्या म्हणजे जास्त अक्कल नव्हे

तसं असतं तर डॉल्फिन आपल्याला शिकवायला आले असते. त्यांचा निर्देशांक माणसाच्या दुपटीच्या आसपास जातो. आइनस्टाइन १९५५ मध्ये गेले तेव्हा त्यांचा मेंदू काढून ठेवला गेला. वजन भरलं १२३० ग्रॅम, सरासरी पुरुषापेक्षा कमीच. १९९९ मध्ये कॅनडातल्या सँड्रा विटेलसन यांनी त्यातल्या एका भागातल्या वळ्यांची ठेवण वेगळी असल्याचं लिहिलं आणि त्यावर आजतागायत वाद चालू आहे. एका मेंदूवरून काहीच सिद्ध होत नाही.

कामात उपयोगी पडतं ते एवढंच: मोठ्या मेंदूला घड्या थोड्या जास्त पडतात. पुरुषांची कवटी सरासरीने मोठी असते. कवटीचं आकारमान हिशेबात धरलं नाही, तर सगळ्या आज्या आजोबांपेक्षा आजारी दिसतील.

५. हललेला मेंदू आणि झिजलेला मेंदू चित्रात सारखेच दिसतात

माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा धोका हाच. स्कॅन चालू असताना डोकं थोडं थोडं हललं की सालीची कड पुसट होते आणि संगणक ती खऱ्यापेक्षा पातळ मोजतो. डिमेन्शियाचा माणूस निरोगी माणसापेक्षा जास्त हलतो. म्हणजे काळजी घेतली नाही तर आपण आजार मोजतोय असं समजून हालचालच मोजत बसतो.

स्कॅनच्या खोलीत जे घडतं ते पाहिल्याशिवाय हे पटत नाही. आत जाण्याआधी आजींचं मंगळसूत्र, जोडवी, कवळी, श्रवणयंत्र सगळं काढून ठेवतात. श्रवणयंत्र काढलं की बाहेरून माइकवर दिलेल्या सूचना त्यांना ऐकूच जात नाहीत. यंत्राचा ठोक-ठोक आवाज सुरू होतो आणि त्या दचकून मान वळवतात. आमच्याकडचा एक तंत्रज्ञ यात वाकबगार आहे. तो सून किंवा मुलगा जो कुणी बरोबर असेल त्याची तपासणी करून त्याला आत बसवतो आणि सांगतो, "आजींच्या पावलावर हात ठेवून बसा. बोलायचं नाही, हात काढायचा नाही." मग आजींच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणतो, "आजी, आता पाच मिनिटं देवळात बसल्यागत बसायचं हं. सूनबाई इथेच आहेत." कानांत बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज, अंगावर पांघरूण. आमच्या मोजमापाची प्रत कुठल्याही प्रणालीपेक्षा त्या पावलावरच्या हातावर जास्त अवलंबून असते.

६. रेघ संगणकाने काढावी, तपासावी माणसाने

सकाळी उत्तर आलं की मी आधी आकडा बघत नाही, रेघा बघते. पडद्यावर मेंदूचा काप, त्यात आतल्या पांढऱ्या भागाभोवती पिवळी रेघ आणि सालीच्या बाहेरून लाल रेघ. एकेक काप पुढे सरकवत जायचं. लाल रेघ कुठे कुठे मेंदू सोडून कवटीच्या आतल्या आवरणावर चढलेली असते. डोळ्यांच्या खोबणीजवळ तर ती हटकून भरकटते. अशा जागी पानभर साल फुकट वाढते.

आपल्याकडे आणखी एक भर आहे. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या माणसांच्या मेंदूत, आतल्या पांढऱ्या भागात, लहान रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचे डाग असतात. आम्ही वापरतो त्या प्रकारच्या चित्रात ते डाग करडे दिसतात आणि प्रणाली त्यांना साल समजते. निरोगी माणसाचं स्कॅन तपासायला चहा गार होईपर्यंतचा वेळ पुरतो. वीस वर्षांच्या मधुमेह्याला अख्खी दुपार जाते. ही दुपार वाचवायचा मोह होतो तेव्हा ते काम उद्यावर ढकललेलं बरं.

७. एकट्या आकड्याला अर्थ नसतो

निर्देशांक २.४ आला. बरा की वाईट? कुणाच्या तुलनेत, ते ठरल्याशिवाय सांगताच येत नाही. मेंदूचा जुना प्रसिद्ध नकाशा, १९८८ चा तालैराख यांचा, साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवर बेतलेला होता. नंतर कॅनडातल्या माँट्रियलला १५२ तरुणांचा सरासरी मेंदू बनवला गेला आणि जगभर तोच प्रमाण मानून वापरला जातो. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीय तरुणांवरून भारतीय नकाशा तयार केला, तेव्हा आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्यांपेक्षा लांबी-रुंदी-उंचीला थोडा लहान भरला. बेंगळुरूच्या निम्हान्सने वयोगटांनुसार केलेले भारतीय नकाशे सहा ते साठ वर्षांपर्यंतचे आहेत. आमचे आजोबा ऐंशीचे. त्यांना माँट्रियलच्या तरुणाशेजारी उभं केलं तर ते आजारीच दिसणार.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढच्या हजारो गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चालला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र तो करतं. तसं काम आपल्या जिल्ह्यांतही उभं राहायला हवं. तोवर सगळ्यात भरवशाची तुलना एकच: तोच माणूस, दोन वर्षांपूर्वीचा. यंत्र तेच, चुंबकाची ताकद तीच, जमलं तर दिवसाची वेळही तीच. कारण पाणी कमी प्यायल्यानेसुद्धा मेंदूचं आकारमान किंचित बदलतं. अशा दोन स्कॅनमधला फरक दहा पुस्तकी सरासऱ्यांपेक्षा जास्त सांगतो.

८. चित्र एक सांगतं, माणूस दुसरंच

एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांच्या खाचा इतक्या रुंद की पाहताक्षणी कुणीही आजाराचं नाव घेतलं असतं. गृहस्थ रोज शब्दकोडं सोडवत, सोसायटीचे हिशेब ठेवत आणि मी चुकून म्हटलेली तारीख सुधारत. त्याच सुमाराला आलेल्या एका बाईंच्या वळ्या अगदी गच्च, वयाला शोभाव्यात त्याहून छान. पण मंडईतून भाजी घेतल्यावर शंभराची नोट दिली की पाचशेची, हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि दुधाचं पातेलं गॅसवर आहे हे तर रोजच विसरत.

याला काही अंशी स्पष्टीकरण आहे. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी कॅथलिक नन्सवर केलेल्या अभ्यासात मृत्यूनंतर काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या पुरेपूर खुणा सापडल्या, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी शाबूत होती. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि हा फरक निरक्षरांमध्येही होता. घरी कानडी, शेजारी मराठी, कचेरीत इंग्रजी असं आयुष्य काढलेली माणसं पुण्यात पेठेपेठेत आहेत. त्यांच्या मेंदूची झीज आणि त्यांचं वागणं यांत मोठं अंतर असू शकतं. उलट, कधी शाळेत न गेलेल्या आजींना घड्याळ काढायला लावून नापास करणं हाही अन्यायच. त्यांना विचारावं की संक्रांतीला तिळगूळ करताना आधी काय घालता.

९. गच्च खाचा दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नये

क्वचित चित्र उलटं असतं. माथ्याकडच्या खाचा दाबून बुजलेल्या, आणि आतल्या पाण्याच्या पोकळ्या मात्र फुगलेल्या. घड्यांचा आकडा पाहिला तर वरचा भाग ठणठणीत वाटेल. पण अशा माणसाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल आणि विसरभोळेपणाही आला असेल, तर डॉक्टर नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसची शंका घेतात. कोलंबियाचे सालोमन हाकिम यांनी १९६५ मध्ये हे दुखणं जगापुढे आणलं. साचलेलं पाणी बारीक नळीने पोटात वळवलं की यातले बरेच जण पुन्हा नीट चालू लागतात.

डिमेन्शियासारखी दिसणारी, पण बरी होऊ शकणारी आणखीही दुखणी आहेत: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या आपल्या घरांत बी-१२ ची तपासणी राहून जाणं परवडणारं नाही. घड्या मोजण्याआधी काही शे रुपयांत रक्त तपासून होतं.

१०. रिपोर्टातलं एक वाक्य घरभर फिरतं

'वयोमानानुसार मेंदूची झीज' असं एक वाक्य सत्तरीपुढच्या बहुतेक रिपोर्टांत असतं. डॉक्टरांना त्यात विशेष वाटत नाही. पण तेच वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर सॅन होजेच्या मुलाकडे जातं, तिथून नागपूरच्या बहिणीकडे, आणि संध्याकाळपर्यंत आईच्या हातून बँकेचं पासबुक काढून घेतलेलं असतं. दुसरीकडे, ज्या घरात खरोखर आजार आहे तिथे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून तीन-चार वर्षं हसण्यावारी नेली जातात. देशभर झालेल्या लासी-डॅड पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आणि प्रमाण बायकांत, कमी शिकलेल्यांत आणि खेड्यांत जास्त. यातल्या बहुतेकांचा मेंदू कुणी कधी मोजणार नाही. त्यांचं निदान घरच्यांच्या निरीक्षणावरच होणार.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. घरात कुणाचा विसरभोळेपणा वाढला असेल तर आधी वहीत तारीख घालून लिहायला लागा: काय विसरले, कधी, रोजच्या कामात काय अडलं. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर पातळ कापांचं, एक मिलिमीटरचं त्रिमितीय चित्र घेता येईल का, ते त्यांना विचारा. पाच मिलिमीटरच्या जाड कापांवरून वळ्या मोजता येत नाहीत. फिल्म आणि रिपोर्ट तर ठेवाच, पण सीडी टाकून देऊ नका. तिची प्रत पेन ड्राइव्हवर काढून नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. पुढचं स्कॅन शक्यतो त्याच केंद्रावर करा. आणि रिपोर्ट हातात पडल्यावर, तो कुणालाही पाठवण्याआधी, ज्यांचा आहे त्यांच्याशेजारी बसून त्यांना समजेल असा वाचून दाखवा.